बेड नंबर तीन आणि त्यानंतरची दहा मिनिटं

कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी १०:४२

नाईट करून आलेय, झोप येत नाही, म्हणून लिहितेय. शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा.

मी सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, स्टाफ नर्स आहे. अकरा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. १८९४ साली डॉ. वानलेसांनी मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. पार अथणी-चिकोडीकडून लोक इकडे येतात. त्यामुळे बऱ्याच आया कानडी बोलणाऱ्या असतात. मला कानडीतले दोनच शब्द नीट येतात: हालु म्हणजे दूध आणि अळबेड म्हणजे रडू नको. एवढ्यावर अकरा वर्षं निभावलंय.

मागच्या आठवड्यात बेड तीनवर एक बाळ होतं. सत्तावीस आठवड्यांचं, जन्मताना ९२० ग्रॅम. आई ऊसतोडीच्या टोळीतली, फडातच कळा सुरू झालेल्या. सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर, छान चाललं होतं. फीड दीड मिलीवर आलं होतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी रंग बदलला, पोट फुगलं, श्वास थांबायला लागला. इन्फेक्शन. रात्री ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावला. तीन वाजून दहा मिनिटांनी गेलं.

बाळाला पुसून, गुंडाळून मीच बाहेर नेलं. बाप रोज सकाळी दारात उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, 'आज वजन किती?' त्या रात्रीही त्याने हातात घेतल्यावर तेच विचारलं. मी म्हटलं, 'नऊशे चाळीस.' तो म्हणाला, 'म्हंजे वाढलं होतं.'

मी आत आले. वॉर्मर (बाळाला ऊब देणारा बेड) पुसला, प्रोब बदलला, एंट्र्या केल्या. चारच्या आत ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) जुळ्यांपैकी एक त्याच बेडवर आलं. सकाळी आठला पुढच्या पाळीला ओव्हर दिला: 'बेड तीन, तीन-दहाला एक्सपायर, बेड तीन, नवीन ॲडमिशन, सोळाशे ग्रॅम, ऑक्सिजनवर.' एका दमात. घरी येऊन पोह्यांना फोडणी दिली. लेक झोपलेली होती, तर तिच्या छातीकडे बघत श्वास मोजत बसले. मिनिटाला बावीस.

खरी तक्रार पुढेच आहे. चार दिवसांनी मॅनेजमेंटने आमच्यासाठी 'ताणमुक्त जीवन' असं व्याख्यान ठेवलं. माझ्या नाईट ऑफच्या दिवशी, दुपारी दोनला, हजेरी सक्तीची. एका गृहस्थांनी डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितला. मी मिटले आणि तिथेच झोपले. नंतर ग्रुप फोटो आणि समोसा.

मला समुद्रकिनारा नको. मला त्या रात्री तीन-दहा ते तीन-वीस एवढा वेळ हवा होता. कुणीतरी माझी बाकीची दोन बाळं बघावीत आणि मी दहा मिनिटं नुसती उभी राहावी. तुमच्याकडे कुठे असं काही होतं का? कसं जमवलंत? सिस्टर, डॉक्टर, घरचे, कुणीही सांगा.

---

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी ११:०५

वाचलं. काय लिहावं कळत नाही. ते वजनाचं वाक्य डोक्यातून जाईना.

---

स्पष्टवक्ता_६२ | मंगळवार, दुपारी १२:३०

राग मानू नका, पण ताण कोणाला नाही? पोलीस, एसटीचे ड्रायव्हर, वायरमन, सगळेच जीव मुठीत धरून काम करतात. नर्सिंग निवडतानाच माहीत असतं की माणसं मरतात. आमच्या वेळी असले शब्दही नव्हते.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

झोप झाली, त्यामुळे सभ्यपणे उत्तर देते.

काका, माणसं मरतात हे माहीत होतं. पण इथे हातात असतं ते तुमच्या तळव्याएवढं. त्याला नावही नसतं. फाईलवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. नाव ठेवायच्या आधीच गेलेल्यांची नावं आम्हीच मनात ठेवलेली असतात. आणि ताण नको असं मी म्हटलेलंच नाही, दहा मिनिटं मागितलीत. वायरमनलाही शॉक बसला तर त्याच क्षणी पुढच्या खांबावर चढवत नाहीत.

---

जुनी_मेट्रन | मंगळवार, रात्री ९:२०

मी साताऱ्याची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. शेवटची काही वर्षं मेट्रन होते.

आमच्या सुरुवातीच्या काळात एनआयसीयू नव्हतंच म्हणा ना. लाकडी पेटीत बल्ब लावून बाळ ऊबेत ठेवायचो. मॉनिटर नाही, सॅच्युरेशन नाही. स्टुलावर बसून बाळाच्या ओठांचा रंग बघायचा. किलोच्या आतलं बाळ आलं की आम्ही मनातल्या मनात हात जोडायचो, कारण ते एक-दोन दिवसांत जायचं. आता तीच बाळं जगतात, हे देवाघरचं देणंच. पण जी जात नाहीत ती महिना-महिना राहतात, आणि त्यातलं एखादं चाळिसाव्या दिवशी जातं. चाळीस दिवस तुम्ही त्याचं सगळं केलेलं असतं. आमच्या काळी मरण लवकर यायचं, तुमच्या काळी उशिरा येतं. दोन्हीत फरक आहे, हे स्पष्टवक्तांनी लक्षात घ्यावं.

आता माझी चूकही लिहिते. एकदा एक नवी मुलगी बाळ गेल्यावर लिननच्या खोलीत जाऊन रडत होती. मी दार उघडून म्हटलं, 'रडायचं असेल तर घरी जा, इथे पेशंट आहेत.' ती गप उठली, तोंड धुऊन कामाला लागली. उत्तम नर्स झाली. पण त्यानंतर माझ्यासमोर कधी काही बोलली नाही, चूक झाली तरी नाही. एकदा औषधाचा डोस दहापट भरला गेला होता. तिने स्वतःच पकडला, फेकून दिला आणि मला सांगितलं नाही. वर्षभराने दुसरीकडून कळलं. ती माझ्यामुळे गप्प बसली, आणि तोच घोळ दुसऱ्या कुणाच्या हातून बाळापर्यंत पोचला असता.

---

डॉक्टर_पोवईनाका | बुधवार, सकाळी ७:५०

मेट्रनबाईंना नमस्कार. मी नवजात शिशूंचा डॉक्टर. 'स्टाफची काळजी घ्या' म्हटलं की व्यवस्थापनाला ते लाड वाटतात, म्हणून जरा वेगळ्या बाजूने सांगतो.

२०१५ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात इस्रायलमधला एक प्रयोग छापून आला होता. चोवीस एनआयसीयू टीम घेतल्या. पुतळ्याचं बाळ, कमी दिवसांचं, आतडं सडायला लागलेलं, म्हणजे आपण ज्याला नेक म्हणतो ते. प्रत्येक टीमने त्याला वाचवायचं. पाहुणा म्हणून एक परदेशी तज्ज्ञ. काही टीमशी तो सरळ बोलला. बाकीच्यांना मात्र इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा मला काही खास वाटला नाही, अशा अर्थाचं टोचून बोलला. शिवी नाही, आरडाओरडा नाही, एवढंच. ज्यांनी ते ऐकलं त्यांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. एकमेकांना विचारणं आणि माहिती देणं कमी झालं, हे त्यामागचं एक कारण निघालं.

हे वाचलं तेव्हा मला माझा राऊंड आठवला. 'सिस्टर, एवढंही कळत नाही?' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, मोजलेलं नाही. आता कमी केलंय, बंद झालंय असा दावा नाही. पहाटे चारला २६ नंबरचा इंट्राकॅथ (शिरेत घालायची सुई-नळी) तिसऱ्यांदा हुकला की माझाही तोल जातो.

दुसरं, चुकीबद्दल. अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरांनी २००० साली 'सेकंड व्हिक्टिम' हा शब्द वापरला. चुकीचा पहिला बळी रुग्ण, दुसरा ज्याच्या हातून चूक झाली तो. आपल्याकडे या दुसऱ्याला मेमो मिळतो आणि विषय संपतो.

---

सव्वा_किलोची_आई | बुधवार, सकाळी ११:३३

डॉक्टर, तो 'दुसरा बळी' शब्द मला खटकला. माझ्या बाळाला काही झालं असतं तर बळी ते असतं, आणि मी. पण धाग्याच्या विषयाशी माझं भांडण नाही, उलट बोलायचंय.

माझी मुलगी १२५० ग्रॅमची, एकतिसाव्या आठवड्यातली. अडतीस दिवस आम्ही तिथे होतो. सुरुवातीला मला वाटायचं की सिस्टर दगडाच्या आहेत. मशीन वाजतं, त्या येतात, बटण दाबतात, जातात. मग एका रात्री दूध काढून द्यायला गेले तर काचेतून दिसलं: एक सिस्टर वॉर्मरवर वाकून माझ्या पोरीला हळू आवाजात दिवसभराचा हिशोब सांगत होती. 'आज तू दोन वेळा श्वास विसरलीस हं, असं नाही करायचं.' त्यानंतर मी कधी तोंड वर करून बोलले नाही.

माझी मुलगी आता चार वर्षांची आहे, बालवाडीत जाते, चष्मा आहे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेत झाली म्हणून निभावलं. पण त्या सिस्टरला हे माहीत नाही! आम्ही फॉलोअपला जायचो ती ओपीडी खाली, एनआयसीयू वर. लिफ्टने तीन मजले, पण तिथे कुणी सोडत नाही.

कृष्णाकाठची, तुम्हाला जगलेली बाळं पुन्हा दिसतात का?

---

कृष्णाकाठची | बुधवार, दुपारी ३:०२

तुमचा प्रश्न वाचून मी गप्पच बसले जरा वेळ.

नाही दिसत. गेलेली बाळं आमच्या हातातून जातात, शेवटपर्यंत. जगलेली दारातून जातात. पेढ्यांचा बॉक्स येतो, एक फोटो निघतो, संपलं. त्यामुळे डोक्यातला हिशोब कायम एकाच बाजूला झुकतो. अकरा वर्षांत घरी गेलेली बाळं कितीतरी जास्त आहेत हे मला माहीत आहे, पण आठवायला बसले की घरी न गेलेलीच आठवतात.

तुमच्या पोरीच्या चष्म्याचा रंग कोणता?

---

सव्वा_किलोची_आई | बुधवार, दुपारी ३:१०

जांभळा. दोरी लावलेला, कारण फेकते.

---

सतारमेकर_गल्ली | बुधवार, रात्री १०:४५

मी वाचकच असतो, लिहीत नाही. पण बायको एनआयसीयूत आहे, नऊ वर्षं झाली, म्हणून लिहितोय.

आमचा घरचा धंदा सतारीचा. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेपरवाले येऊन फोटो काढून गेले, ते असो. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. संध्याकाळी मी जुळवायला बसलो की ही स्वयंपाकघरात. लग्न झालं तेव्हा तिला आवडायचं. मग चार-पाच वर्षांपूर्वी एक गोष्ट सुरू झाली. चिकारीची तार चढवताना खुंटी कधीकधी सुटते आणि सूर खाली घसरत जातो. तेवढ्यात ही हातातलं सोडून बाहेर येते. काही बोलत नाही. दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघते आणि परत जाते. एकदा कढईतलं तेल पेटायचं राहिलं.

मला कळेना. शेवटी तिनेच सांगितलं. त्यांच्या मशीनवर बाळाच्या ठोक्याबरोबर बीप वाजतो. ऑक्सिजन उतरायला लागला की त्या बीपचा सूरही उतरतो. त्यामुळे पडद्याकडे न बघता पाठमोरी असतानाही त्यांना समजतं. म्हणजे माझी घसरलेली तार तिच्यासाठी कुणाचं तरी सॅच्युरेशन असतं.

आता ती घरात असताना मी चढवायचं काम करत नाही, जवारी घासतो, पॉलिश करतो. हा काही उपाय नाही, मला समजतं. पण विचारायचं होतं: हे इतरांनाही होतं का, की हिचंच काही बिघडलंय?

---

कृष्णाकाठची | गुरुवार, सकाळी ९:५०

दादा, बिघडलेलं नाही. मला मिक्सरचं होतं. आमच्या इन्चार्ज सिस्टरला रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं. वहिनींना सांगा, त्या एकट्या नाहीत.

---

मनमोकळी | गुरुवार, दुपारी १:२०

मी मानसशास्त्रज्ञ आहे. माहेर वाईचं, काम पुण्यात. काही गोष्टी ठामपणे सांगता येतील.

सतारमेकर दादा, शरीर कामाच्या ठिकाणची सावधगिरी घरी घेऊन येतं. एवढ्यावरून आजार ठरत नाही. पण झोप दोन आठवडे सलग उडाली असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा येत असतील, ड्युटीवर जायच्या विचाराने छाती धडधडत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. शेवटचं लक्षण असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. लगेच बोलायचं असेल तर १४४१६, टेली-मानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलं. फुकट, चोवीस तास, मराठीतही. नाईटला तीन वाजता लावला तरी चालतो.

'बर्नआऊट' हा शब्द आता कशालाही लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की तो आजार नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ चाललेला ताण नीट हाताळला गेला नाही की जे होतं, ते बर्नआऊट. थकवा, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. व्याख्येतच कामाची जागा आहे. तरी आपण उपाय शोधतो तो माणसाच्या श्वासात आणि प्राणायामात. (प्राणायाम वाईट नाही, मी स्वतः करते.)

आता थोडं उलटं. बाळ गेल्यावर सगळ्यांना बसवून, 'प्रत्येकाने काय वाटलं ते बोला' अशी सक्तीची बैठक घेऊ नका. एका बैठकीतल्या तसल्या सक्तीच्या मोकळं होण्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असं अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करत नाही. त्याऐवजी साधं बघा: पाणी प्यायलीस का, बसायचंय का, घरी सोडायला कोण आहे, एकटी राहायचंय की कुणी हवंय. बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर राहू द्या.

अमेरिकेत जोनाथन बार्टल्स नावाच्या नर्सने एक पद्धत सुरू केली. रुग्ण गेल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी मिळून थोडा वेळ शांत उभं राहायचं. प्रार्थना ज्याची त्याची. कृष्णाकाठची जे मागतेय ते याच्या अगदी जवळचं आहे.

---

स्पष्टवक्ता_६२ | गुरुवार, दुपारी ४:००

सगळं वाचलं. पहिल्या प्रतिसादातली 'निवडतानाच माहीत असतं' ही ओळ मागे घेतो. बाकी मत कायम आहे की आधी पगार आणि माणसं वाढवा, मग शांत उभं राहा. दोन सिस्टर आणि बारा बाळं असतील तर शांत कोण उभं राहणार?

---

डॉक्टर_पोवईनाका | गुरुवार, रात्री ११:१५

स्पष्टवक्ता, इथे मी तुमच्या बाजूने. सरकारी एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या) निकषात एका पाळीला तीन-चार बाळांमागे एक नर्स असा हिशोब आहे. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला खरं तर एकीने एकच बघायचं. कागदावरचं आणि पहाटे तीनचं गणित जुळत नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणि माणूस कमी पडला की काय होतं त्याची आठवण करून देतो. ९ जानेवारी २०२१, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय. पहाटे नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचली. नंतर कारवाई झाली, त्यात कंत्राटी नर्सेसची नोकरी गेली, दोन नर्सेसवर गुन्हाही नोंदला गेला. कोण किती दोषी यावर मी बोलणार नाही. पण त्या आठवड्यात आमच्या युनिटमधल्या मुली दर तासाला वॉर्मरच्या वायरीला हात लावून बघत होत्या, गरम आहे का. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनात दोन्ही भीती होत्या: बाळ जाईल ही आणि आपणच जबाबदार ठरू ही.

नातेवाइकांच्या मारहाणीचा मुद्दा कुणी काढला नाही, मीही काढत नाही. २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, बोर्ड भिंतीवर लावलेला आहे. दरवाजाला मात्र कडी नाही.

---

भडंगप्रेमी | शुक्रवार, सकाळी ८:४०

अवांतर: २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा माझी मावशी एका दवाखान्यात अडकली होती. सिस्टर लोक तीन दिवस घरी गेले नव्हते, ज्यांची घरं पाण्यात होती ते पण. आम्ही बोटीने भडंगाची पोती पोचवली. एका सिस्टरने भडंग खाता खाता विचारलं होतं, 'गावभागात पाणी कुठवर आलंय?' मी खोटं बोललो होतो. आत्ता इथे आठवलं.

---

मावशींचा_मुलगा | शुक्रवार, दुपारी २:२५

माझी आई अशाच युनिटमध्ये मावशी आहे, चौदा वर्षं. तिला टाईप करता येत नाही. मी धागा वाचून दाखवला. ती जे बोलली ते तसंच लिहितो.

'तुमी सिस्टर आनि डॉक्टर बोलताय ते बराबर हाय. पन बाळ गेलं की वॉर्मर कोन धुतंय? ती बारकी टोपी, मोजं कोन काडतंय? मीटिंगला आमास्नी कोन बोलवत न्हाई. समोसा बी दारातच देत्यात. एकदा एक आजी सटवीच्या रातीला कोरा कागद आनि पेन घेऊन आली. म्हनली, मावशे, बाळाच्या उशाला ठेव, नशीब लिवायचंय. आत काय न्यायचं नसतंय. मी सिस्टरला इचारलं. तिनं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वॉर्मरखालच्या खनात ठिवला. सकाळी आजीला परत दिला. आजीनं उगडून बघितला, कोरा. माझ्याकडं बघाय लागली. मी म्हटलं, त्येचं अक्षर आपल्याला दिसत न्हाई. बाळ नीट गेलं घरी.'

आई म्हणाली, एवढंच.

---

जुनी_मेट्रन | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

मावशींना माझा नमस्कार सांगा. नोकरीत असताना मीही त्यांना मीटिंगला बोलावलं नव्हतं.

---

धागा_व्यवस्थापन | शनिवार, सकाळी १०:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत, कारण त्यात एका रुग्णालयाचं आणि एका डॉक्टरांचं नाव घेऊन आरोप होते. विषयावर लिहा, नावं नकोत.

---

कृष्णाकाठची | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२:२०

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की पुढे काय झालं.

सगळं सुरळीत झालं असं सांगायला आले नाही. व्याख्यान पुढच्या महिन्यात परत आहे, यावेळी विषय 'आनंदी मन'. पण तुमचे प्रतिसाद मी आमच्या इन्चार्ज सिस्टरना मोबाईलवर वाचून दाखवले. मेट्रनबाईंची लिननच्या खोलीची गोष्ट ऐकल्यावर त्या उठून चहा करायला गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, 'व्याख्यान थांबवणं माझ्या हातात नाही. ड्युटी लावणं आहे.'

मग ठरलं ते एवढंच. बाळ गेलं की नाईटची इन्चार्ज स्वतः त्या सिस्टरची बाकीची बाळं दहा मिनिटं घेणार. फोनही तीच उचलणार. नवीन ॲडमिशन आलं तर शक्यतो दुसऱ्या बेडवर, तो बेड निदान तासभर रिकामा ठेवायचा. मावशींनाही थांबायला सांगायचं, लगेच धुवायला लावायचं नाही. कुणी बोलायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं. वेगळी खोली आमच्याकडे नाही, त्यामुळे फ्रीजशेजारी आईच्या दुधाचे डबे ठेवतो तो कोपरा.

दुसरं, सव्वा किलोच्या आईमुळे सुचलेलं. फॉलोअप ओपीडीच्या सिस्टरला सांगितलं की पालकांची हरकत नसेल तर महिन्यातून एकदा चार-पाच मुलं वरच्या मजल्याच्या काचेपर्यंत आण. आत नाही, काचेपर्यंतच. पहिल्यांदा एक दीड वर्षाचा दांडगा आला. काचेला ओठ लावून फुगे केले. आमच्यातल्या एकीने त्याला ओळखलं, ते पण त्याच्या कानामागच्या तिळावरून. तिने सव्वीस दिवस त्याला कुशीवर वळवताना तो तीळ पाहिला होता. नंतर दिवसभर ती सगळ्यांना तीळ कुठे आहे ते स्वतःच्या कानामागे बोट लावून दाखवत होती.

परवा रात्री दहा मिनिटांची वेळ आली. माझं नव्हतं, बाजूच्या सिस्टरचं बाळ. नवी आहे, दुसरंच वर्ष. इन्चार्जनी तिची बाळं घेतली. तिला आणि मावशींना मी कोपऱ्यात नेलं. डॉक्टरही येऊन उभे राहिले, ते मला अपेक्षित नव्हतं. कुणी काही बोललं नाही. मावशींनी तिची पाठ धरून ठेवली होती. सहाव्या मिनिटाला ओटीतून फोन आला, अडतीस आठवडे, मेकोनियम (बाळाने पोटातच शी केलेली), या. डॉक्टर पळाले, मागून मी. ती मुलगी आणि मावशी उरलेली चार मिनिटं तिथेच होत्या.

---

सतारमेकर_गल्ली | रविवार, दुपारी १:०५

तुमच्या 'मिक्सर'वाल्या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट मी हिला दाखवला होता. हसली. म्हणाली, त्या कोण आहेत, त्यांना सांग मला पण कुकरच्या शिट्टीचं होतं. परवा तिने १४४१६ ला फोन केला. काय बोलली ते मी विचारलं नाही.

---

मनमोकळी | रविवार, दुपारी २:३०

नाही विचारलंत ते छान केलंत.

कृष्णाकाठची, एकच व्यवहाराचा प्रश्न. इन्चार्ज रजेवर असेल त्या रात्री ती बाळं कोण घेणार?

---

कृष्णाकाठची | रविवार, दुपारी ४:४८

तेच अडलंय. सध्या इव्हनिंगची एक जण रात्री अकरापर्यंत थांबायला तयार असते, आणि फोन केला तर गांधी चौकातून दहा मिनिटांत स्कूटीवर येते. तिचा तो वेळ ओव्हरटाईममध्ये धरायचा का, असं एचआरला लेखी विचारलंय. अकरा दिवस झाले. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. आज माझी नाईट आहे, बाकीच्यांना उद्या सकाळी उत्तरं देते.